कापडावर उरलेलं

“मग ही मरतात कशानं?”

अक्कांनी विचारलं आणि पळसाचं पान श्रेयांसच्या पुढ्यात सरकवलं. पानावर भिंगरीचं पिल्लू होतं. मंडपाच्या तुळईवर भिंगऱ्यांची मातीची घरटी आहेत, त्यातल्या एकातून ते सकाळी पडलं होतं. पिसं पुरती फुटली नव्हती. चोच उघडीच राहिली होती.

श्रेयांसने पानाकडे पाहिलं. मग हातातल्या कागदांकडे पाहिलं.

“पाण्यानं नाही मरत, अक्का. एवढं मी लिहून देतो.”

“दिलंयस की लिहून.”

“माझ्या एकट्याचं नाही हे. तीन प्रयोगशाळांत तपासून घेतलं. पाणी स्वच्छ आहे.”

“पाणी स्वच्छ आहे,” अक्का म्हणाल्या. “आणि यंदाचं हे नववं.”

…

मी शेजारीच केर काढत होतो. मी या बस्तीचा उपाध्ये. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. पूजा करणं, केर काढणं आणि लोकांचं बोलणं ऐकणं ही माझी तीन कामं. तिसरं मी मनापासून करतो. गावाचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही.

अक्का म्हणजे पद्मव्वा अक्का. वय ऐंशीच्या घरात. ऐन तरुणपणी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि पन्नास वर्षं बस्तीच्या ओसरीवर मुलांची पाठशाळा चालवली. गावातल्या जैन घरांत पन्नाशीच्या आतला असा एकही माणूस सापडायचा नाही, ज्याने अक्कांच्या हातची चापट खाल्लेली नाही. श्रेयांस मगदूमनेही खाल्ली आहे. आता तो डॉक्टर आहे. माणसांचा नव्हे, पाण्याचा. परदेशात शिकला, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही.

बस्तीच्या मागे तळं आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला मगदुमांची चार एकर जागा. तिथे श्रेयांसच्या वडिलांचा नटबोल्टांना मुलामा देण्याचा कारखाना होता. वीस वर्षं चालला. कारखान्याच्या चरीतून कधी हिरवं, कधी पिवळं पाणी तळ्यात यायचं. तेव्हा गाव गप्प होतं, कारण निम्मं गाव तिथे कामाला होतं. मीही गप्प होतो. बस्तीचा कळस मगदुमांनीच चढवून दिलेला. सात वर्षांपूर्वी ते वारले, कारखाना बंद पडला, आणि मग सगळ्यांना कंठ फुटला.

श्रेयांसला ते फार लागलं होतं. वडिलांचं नाव निघालं की लोक तळ्याकडे बघायचे. म्हणून त्याने सगळं ठरवून आणलं होतं. तळं स्वच्छ झालंय हे आधी सिद्ध करायचं. मग या उन्हाळ्यात गाळ काढून तो स्वखर्चाने गावच्या शेतांत टाकून द्यायचा. आणि त्या चार एकरांत वडिलांच्या नावाची पाठशाळा बांधायची. कोनशिला कोरूनसुद्धा झाली होती. जेसीबी ठरला होता. गाळासाठी बत्तीस शेतकऱ्यांनी नावं दिली होती.

अकरा वाजता ग्रामपंचायतीत बैठक होती. सगळे तयार होते, फक्त चार जुनी माणसं अडून बसली होती. अक्कांना हो म्हणू दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणून श्रेयांस साडेआठलाच बस्तीत आला होता.

…

“अक्का, तुम्ही नुसतं हो म्हणा. बाकी मी बघतो.”

“थांब. पाणी गाळायचं राहिलंय.”

अक्का उठल्या. बस्ती धुवायला आम्ही तळ्याचं पाणी वापरतो. तेही गाळूनच. मी घागर भरून आणून ठेवली होती. अक्कांनी पातेल्यावर दुहेरी घडीचं जाड कापड बांधलं आणि घागर हळूहळू रिकामी केली.

मग कापड सोडून उलटं केलं, पितळी वाटीवर धरलं आणि गाळलेल्या पाण्याची बारीक धार त्यावर सोडली. कापडावर उरलेलं सगळं वाटीत उतरलं. याला जिवाणी म्हणतात. त्यात जीव असतात, म्हणून ती फेकायची नाही. ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची. वाटी पाण्याला टेकवायची आणि मग कलती करायची. वरून ओतायचं नाही. वाटेत सांडायचं नाही.

पाठशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. नमोकार मंत्र दुसऱ्या दिवशी.

“आठवतं का रे?” अक्कांनी विचारलं.

श्रेयांस हसला. “न आठवून काय! एकदा कंटाळा आला म्हणून मी गटारात ओतली होती. तुम्ही वाटीवाटीनं गटार उपसायला लावलं होतं.”

“उपसलंस?”

“उपसलं की. दुपार झाली.”

अक्काही हसल्या. श्रेयांसला वाटलं, आता काम झालं. मलाही तसंच वाटलं.

“तू कसं तपासतोस पाणी?” अक्कांनी विचारलं.

श्रेयांस सावरून बसला. शिकवायला मिळालं की त्याचा चेहरा खुलतो. या बाबतीत तो अक्कांवरच गेला आहे.

“बाटलीत भरून घ्यायचं. मग गाळायचं.”

“गाळायचं?” अक्कांना बरं वाटलं. “तुमच्याकडंही गाळतात?”

“तर! गाळायचा कागद असतो. तुमच्या कापडापेक्षा कितीतरी पट बारीक. माती, शेवाळ, किडे, सगळं वर राहतं. खाली येतं ते निव्वळ पाणी. तेच मशीनमध्ये घालायचं.”

“छान. आणि कागदावर उरतं ते?”

“ते… ते नाही लागत.”

“मग काय करतोस त्याचं?”

“टाकतो.”

“कुठं?”

श्रेयांसने माझ्याकडे पाहिलं. मी केरसुणीकडे पाहिलं.

“कुठं टाकतोस रे?”

“कचऱ्याच्या डब्यात.”

…

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वाटीत बघत राहिल्या.

“नियमच आहे तसा,” श्रेयांस म्हणाला. आवाज जरा चढला होता. “जगात सगळीकडं असंच करतात. पाण्यात काय विरघळलंय ते बघायचं असतं. त्यात गाळ आला तर आकडे चुकतात.”

“बरोबर आहे.”

“आणि गाळात काही नाही असं मी म्हणतच नाही. असेल थोडंफार. कारखाना होता, मान्य आहे. पण ते गाळाला घट्ट धरून बसतं, अक्का. पाण्यात उतरत नाही. वर येत नाही. तिथंच पडून राहतं.”

“हलत नाही?”

“हलत नाही.”

अक्कांनी वाटी उचलली आणि त्याच्या कागदांवर ठेवली. तळाशी चिमूटभर माती होती, शेवाळाचे दोन धागे होते, आणि एक तांबडी अळी होती. दोऱ्याच्या तुकड्याएवढी. पाण्यात आठचा आकडा काढत वळवळत होती.

“हे काय आहे?”

“चिलटाची अळी. तळ्याकाठची ती न चावणारी चिलटं.”

“राहते कुठं?”

“गाळात. नळी करून राहते.”

“खाते काय?”

“गाळच. गाळातलं कुजलेलं…”

बोलता बोलता तो थांबला.

“सांग की. पुढं?”

“पुढं… वाढली की वर येते. पाण्यावर कात टाकते. पंख फुटतात.”

“मग?”

श्रेयांसची नजर तळ्याकडे गेली.

तेवढ्यात एक भिंगरी तळ्यावरून आली. पाण्याला जवळजवळ पोट घासत गेली, दोनदा वळली, आणि सरळ मंडपात शिरून तुळईवरच्या घरट्याला लटकली. घरट्यात तीन पिवळ्या चोची वासल्या. तिने तोंडातलं एकीत घातलं आणि पुन्हा पाण्यावर गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. तिला आमच्या बैठकीचं काही नव्हतं.

अक्कांनी बोट वाटीकडे केलं. मग ते बोट सावकाश उचलत तुळईपर्यंत नेलं. मग खाली आणून पळसाच्या पानाशी थांबवलं.

“हलत नाही म्हणालास.”

…

श्रेयांस ताडकन उठला.

“हा अंदाज झाला, अक्का. शास्त्र अंदाजावर चालत नाही.”

“मग मोज की.”

“मोजतोच. या अळ्या द्या मला. शंभरेक लागतील.”

अक्कांनी वाटीवर तळहात झाकला. “जिवंताला हात लावायचा नाही.”

“मग मोजू काय? तुमचं बोट?”

असं अक्कांशी कुणी बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. माझ्या हातातली केरसुणी थांबली. अक्का मात्र शांत होत्या. त्यांनी माझ्या सुपलीकडे पाहिलं.

बस्तीच्या फाटकावर पंचायतीचा दिवा आहे. रात्रभर त्यावर चिलटं येतात आणि सकाळी खाली त्यांचा सडा पडतो. मी रोज मूठ-दोन मूठ गोळा करतो. त्या दिवशीचीही सुपलीत होती, राखेसारखी.

“मेलेली चालतील का?” मी विचारलं.

शास्त्राच्या कामी माझी सुपली आली ती तेवढीच. श्रेयांसने चिलटं पिशवीत भरली. पळसाच्या पानावरचं पिल्लू घेतलं. आदल्या दिवशी पडलेलं एक मी बकुळीखाली पुरलं होतं, तेही काढून दिलं. शेवटच्या पायरीशी उतरून त्याने दोन बाटल्या गाळ भरला. वर येईपर्यंत त्याच्या बुटांची रया गेली होती.

मग त्याने सरपंचांना फोन लावला. “बैठक पुढं ढकला,” एवढंच म्हणाला. पलीकडून बरंच काही ऐकू आलं. त्याने फोन बंद केला.

“तुमचं समाधान व्हावं म्हणून करतोय, अक्का. मला काय निघणार ते माहीत आहे.”

तो दर्शन न घेताच गेला. अक्कांनी वाटी उचलली आणि पायऱ्या उतरू लागल्या. सांधे दुखतात त्यांचे. नऊ पायऱ्या उतरायला त्यांना माझी एक पूजा होईल एवढा वेळ लागतो.

…

तेराव्या दिवशी तो आला. गाडी फाटकाबाहेर ठेवली, बूटही बाहेर काढले. या वेळी आधी दर्शन घेतलं, मग अक्कांसमोर बसला. दाढी वाढली होती. मधल्या दिवसांत आणखी दोन पिल्लं पडली होती, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

“पाणी स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

“बरं.”

“गाळात कॅडमियम आहे, मुलाम्यातला विषारी धातू. पुष्कळ आहे. चिलटांत आहे. पिल्लांत आहे.”

“बरं.”

“अळी कात टाकते तेव्हा काही भाग कातीबरोबर पाण्यात पडतो. बुडाला जातो. परत गाळ. उरलेला पंखांबरोबर उडतो. एक भिंगरी दिवसभरात शेकड्यानं चिलटं भरवते, अक्का. शेकड्यानं…”

मी तुळईकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

“पिल्लं त्यानंच मेली असं शपथेवर नाही सांगता येणार. आणखी खूप तपासावं लागेल.”

“मी शपथ मागितली का?”

“नाही.”

मग श्रेयांस एकदम म्हणाला, “बाबांना माहीत नव्हतं.”

…

“नव्हतं ना, अक्का?”

“तुझे बाबा जन्मभर पाणी गाळून प्यायले,” अक्का म्हणाल्या. “एक दिवस चुकले नाहीत.”

श्रेयांसने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि मगदुमांनी चढवलेल्या त्या कळसाखाली उभा असल्याने माझंही वाईट वाटलं. मला ते रंगीत पाणी दिसत होतं. वीस वर्षं दिसत होतं.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि कामाचं बोलू लागला.

“गाळ शेतात टाकायचा नाही, हे मी पंचायतीत सांगून आलोय. बत्तीसच्या बत्तीस जण चिडलेत. पण गाळ काढायला हवा. ठेवला तर दर उन्हाळ्यात हेच.”

“मग काढ.”

“काढून ठेवायचा कुठं? खड्डा खणावा लागतो. खाली जाड प्लास्टिक, वर प्लास्टिक, त्यावर माती. कायमचा. त्यावर पुन्हा काही बांधता येत नाही. चार एकर तरी जागा हवी, तीही उंचावर. विहिरी जवळ नकोत.”

“बघितलीस जागा?”

“गायरान सखल आहे, पावसात पाणी साचतं. माळावर गावाची विहीर आहे. स्मशानाजवळ ओढा.”

“शिवेपलीकडं त्या शेजारच्या गावाची पड जमीन आहे,” मी म्हणालो. “तिथं कुणी जात नाही.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी केर काढू लागलो, तो आधीच काढून झाला होता.

गावात उंचावरची, विहिरीपासून लांबची जागा एकच आहे. ती बस्तीच्या ओसरीवरून दिसते. कारखान्याची पत्र्याची शेड अजून उभी आहे, आणि तिच्या भिंतीला टेकवून ठेवलेली नवी कोनशिला उन्हात पांढरी दिसते. वाचता येत नाही एवढ्या लांबून. पण त्यावर कुणाचं नाव आहे ते तिघांनाही माहीत होतं.

“दोन वर्षं मी त्या पाठशाळेचं चित्र मनात धरून आहे,” तो म्हणाला. “ओसरी तुमच्या ओसरीएवढीच ठेवणार होतो. मुलं बसतील, बाबांचं नाव घेतील…”

अक्का ऐकून घेत होत्या. त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी घागर जवळ ओढली.

…

पातेल्यावर कापड बांधलं. पाणी ओतलं. कापड उलटं केलं, धार सोडली, वाटी भरली. सगळं रोजच्यासारखं. घाई नाही. मग वाटी श्रेयांसच्या हातात दिली.

“सोडून ये.”

“मी?”

“माझे पाय दुखतात.”

त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली. पायऱ्या उतरताना त्याची नजर वाटीवरून हलली नाही. शेवटच्या पायरीवर गुडघे टेकले, वाटी पाण्याला लावली आणि कलती केली. एवढा मोठा माणूस, पण कलती करताना जीभ दातांत धरली होती. नऊ वर्षांचा असतानाही तो तशीच धरायचा.

वाटी रिकामी झाली तरी तो उठला नाही. तळ्यावर भिंगऱ्या फिरत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाण्यापलीकडे वर, शेडकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

मग तो वर आला. पँटच्या गुडघ्यांना काळा चिखल लागला होता. रिकामी वाटी त्याने अक्कांच्या समोर ठेवली.

“अक्का,” तो म्हणाला, “गाळ कुठं नेऊ?”

अक्का कापड पिळत होत्या. पिळून झटकलं. दोरीवर टाकलं. टोकं सारखी केली. मग एकदा शेडकडे पाहिलं.

“हळू ने,” अक्का म्हणाल्या. “वाटेत सांडू नको.”